सबनीस बसले

मनोहर सबनीस बसत नाहीत. ॲन आर्बरमधल्या त्यांच्या घरात भला मोठा सोफा आहे, त्याला प्लॅस्टिकचं कव्हर आहे, पण त्यावर बसतात ते पाहुणे. यजमान फायरप्लेसला टेकून उभे. जेवण उभ्याने, टीव्हीवरची फुटबॉल मॅच उभ्याने. मोटारींच्या कंपनीत सगळी नोकरी ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहून झाली, ती सवय. "बसा की," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसायला म्हातारपण आहेच." वय त्रेसष्ट.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत त्यांची बायपास झाली. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो, तर पेशंट खिडकीशी उभा आणि नर्स खुर्चीत. ती रडकुंडीला आली होती.

त्याच वर्षी दिवाळीला ते आणि शालिनीवहिनी भारतात निघाले. मीही आईला भेटायला त्याच विमानाने निघालो. वाटेत रोममध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ होता. सबनीसांनी नकाशावर पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. "टॅक्सी नाही, बस नाही. रोम पायी बघायचं. देवधर, बूट चांगले घाल."

निघायच्या आधी पिस्कॅटवेहून त्यांच्या मुलीचा, मीनलचा, मला फोन. "डोन्ट लेट हिम ओव्हरडू इट, काका. डॉक्टर म्हणालेत, अर्ध्या अर्ध्या तासाने बसलंच पाहिजे. आमचं ऐकत नाहीत. प्लीज."

माझा स्वभाव असा, की शेजारी कुणी शिंकलं तरी वाटतं खिडकी मीच उघडी ठेवली असेल. आता सबनीसांचं अख्खं हृदय माझ्या गळ्यात पडलं. विमानात मला झोप लागली नाही. ते मात्र शेवटच्या रांगेमागे उभे राहून हवाईसुंदरीला गिअरबॉक्स समजावून सांगत होते.

कलोझियमपाशी सुरुवात झाली. सबनीस पुढे, त्यांच्यामागे मी त्यांच्या मानेवरचा घाम बघत, आणि शेवटी वहिनी. "दोन हजार वर्षांची वॉरंटी," ते भिंतीवर थाप मारून म्हणाले. "आपल्या मिशिगनमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ लागलं नाही, म्हणून टिकलं. आपल्याकडे असतं तर पाच वर्षांत खालून गंजलं असतं."

मी म्हटलं, "जरा बसायचं का?"

"बसायला म्हातारपण आहेच."

तेवढ्यात मागून आवाज आला. "अहो, गुडघा."

वहिनी आदल्या वर्षी बर्फावर घसरल्या होत्या. उजवा गुडघा धरून त्या एका दगडावर टेकल्या. सबनीस समोर उभे राहिले. "तुम्ही असे खांबासारखे उभे राहिलात की वर बघून माझी मान जाते," वहिनी म्हणाल्या. आणि सबनीस बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना मोटारीबाहेर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. बसल्या बसल्या त्यांनी रोमन काँक्रीटवर व्याख्यान दिलं, आणि कपाळावरचा घाम वाळला.

पॅन्थिऑनपाशी पुन्हा, "अहो, गुडघा." ट्रेव्हीच्या कारंज्यापाशी पुन्हा. प्रत्येक वेळी माझा जीव भांड्यात पडत होता, आणि लगेच लाजही वाटत होती. बिचारीचा गुडघा दुखतो आहे आणि आपण खूश होतो आहोत.

दुपारी स्पॅनिश स्टेप्सच्या वरच्या कठड्यावर असाच एक मुक्काम झाला. मग पायऱ्या उतरून कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाशी आलो. आत सगळे लोक काउंटरशी उभ्याने कॉफी पीत होते. सबनीसांचा चेहरा उजळला. "याला म्हणतात संस्कृती," म्हणून ते आत गेले.

बाहेर वहिनींनी पर्स उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. "गोळ्यांची पिशवी वर कठड्यावर राहिली."

"मी आणतो," असं मी म्हणेपर्यंत त्या निघाल्याही होत्या. साडीच्या निऱ्या एका हातात, पायात पांढरे स्नीकर्स. फोटो काढणाऱ्या जर्मनांना चुकवत त्या एवढ्या पायऱ्या धावत चढल्या आणि तशाच धावत खाली आल्या. पिशवी हातात होती.

मी त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिलो.

"काय बघता, भावजी? उन्हाळ्यातच बरा झाला तो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पण मी बरी झाले तर हे बसणार कधी? स्वतःसाठी बसणाऱ्यातले आहेत का ते? यांना सांगायचं नाही हं."

मी कबूल केलं. सबनीस बाहेर आले तेव्हा वहिनी लंगडत पुढे झाल्या.

संध्याकाळी विमानतळावर पोचलो. तिकडच्या सार्वजनिक फोनवरून मीनलला कळवलं, की बाबा दिवसभर वेळच्या वेळी बसले. "माय डॅड?" तिने दोनदा विचारलं.

गेटपाशी वहिनी खुर्चीत पेंगत होत्या. सबनीस शेजारी उभे होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "तुला वाटलं असेल, हा माणूस रोमला येऊन नुसता बाकं शोधत हिंडला."

"नाही हो. वहिनींचा गुडघा..."

"काही झालेलं नाही तिच्या गुडघ्याला. जुलैत परसात टोमॅटो लावत होती, त्याच गुडघ्यावर रेलून, तासभर. मी खिडकीतून बघत होतो."

"मग तुम्ही बसता कशाला?"

ते काचेबाहेरच्या विमानाकडे वळले. "ऑपरेशनच्या दिवशी ती बाहेर एकटी बसून होती, आठ तास. मग गुडघा बरा झाला, तरी तिचं लंगडणं काही थांबलं नाही. इतकं मन लावून लंगडते, देवधर. मी बसलो नाही तर तिनं करायचं काय? तिला मात्र सांगू नकोस."

दोन्हीकडची गुपितं माझ्याकडे आली. एरवी कुणाचं एक गुपित सांभाळायचं म्हटलं तरी मला अपराध्यासारखं होतं. त्या संध्याकाळी मात्र खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटलं.

विमानाला उशीर असल्याचं जाहीर झालं. वहिनींना जाग आली. नवरा अजून उभा आहे हे पाहून त्या म्हणाल्या, "अहो, गुडघा," आणि अर्धवट झोपेतच गुडघा चोळायला लागल्या.

डावा.

सबनीसांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि निमूट वहिनींच्या शेजारी बसले.