परीक्षेपुरतं सुतक

आमचा धीरज अल्लीपूरला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतो. यंदा कंपनीनं कळवलं, की जे काम तो इतकी वर्षं करत आला आहे, ते त्याला करता येतं असं प्रमाणपत्र आणावं, तरच बढती. लग्न होऊन आल्यापासून या घरात स्वयंपाक मी करते. मला कोणी कागद मागितला नाही. मागितला असता तर सगळे उपाशी राहिले असते.

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको. मी स्वतः गल्लीभर सांगून आले, "पोराची परीक्षा हाय, जरा गप्प राहजा." गल्लीनं मान डोलावली. परीक्षा रंगात आली आणि शेजारच्या शकुबाईनं खिडकीतून डोकं घातलं.

"धीरज, रिकामाच बसून राह्यला तं माह्या मोबाईलात रिचार्ज टाकून दे ना बापा."

परीक्षा रद्द. कारण, अनधिकृत इसमाची उपस्थिती.

"मी तं बाहीरच होती," शकुबाई म्हणाली. "निरं डोस्कं आत होतं."

कंपनीनं आणखी एकच संधी दिली. हुकली की बढती दुसऱ्याला. या वेळी पडद्यावरच्या तपासनीसानं सुरुवातीलाच हरकत घेतली, की भिंतीवर एक इसम आहे, त्यांना बाहेर पाठवा.

"ते माझे आजोबा आहेत. वारले," धीरज म्हणाला.

"वारले असतील, पण चेहरा दिसतो."

नियम तो नियम. सासऱ्यांची तसबीर हारासकट अंगणात पाटावर आली. मागोमाग देवही आले. देवांना तर चेहरे फार. कुकरची शिट्टी नको म्हणून गॅस बंद ठेवला. धीरजच्या वडिलांना, पुंडलिकरावांना, खोकला. त्यांना वांगी देऊन हिंगणघाटच्या बाजारात धाडलं. मी आणि सून गुंजन अंगणात तोंड मिटून बसलो. बढतीच्या काळजीनं गुंजनचे डोळे सारखे भरून येत होते.

शकुबाई फाटकातून आत आली. तिनं तसबीर पाहिली. सासरे आणि आमचे हे, बापलेकाचं तोंड हुबेहूब एक. घरात आच नाही, देव भिंतीवरून उतरलेले, सून रडते आहे. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याजवळ टेकली. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं त्यावर हात ठेवला.

"काही बोलू नको बाई."

नाही बोलले. दारी आलेल्याचा मान राखावा.

तिला तशी बसलेली पाहून घटकाभरात अंगण भरलं. पिठाची चक्की थांबली. समोरचं गाणं बंद झालं. गल्लीतले प्रभाकरराव तिरडीचे बांबू घेऊन आले आणि तेसुद्धा आवाज न करता भिंतीला टेकवले. परीक्षा आहे म्हटल्यावर ज्यांची जीभ आवरत नव्हती, ते असे बसले, की तपासनीसानं धीरजला विचारलं म्हणे, तुमचा माइक बंद तर नाही ना?

एवढ्यात रिकामी टोपली घेऊन आमचे हे परतले. गर्दी पाहून त्यांनी चपला काढल्या, मुकाट मागे बसले आणि प्रभाकररावांच्या कानाशी लागले.

"कोन गेलं गा?"

"पुंडलिकराव," प्रभाकरराव मान खाली घालूनच म्हणाले.

"अरेरे. कवा?"

प्रभाकररावांनी मान वर केली. त्याच वेळी खोलीचं दार उघडलं.

"आई, पास झालो," धीरज म्हणाला. "बढती पक्की."

मग जो गलका झाला, तो पहिल्या परीक्षेच्या वेळी झाला असता तर तपासनीस खुर्चीवरून पडला असता.

"असं फसवनं बरं नाई, धुरपताबाई," शकुबाई म्हणाली. "हातचं पीठ टाकून इथं बसली मी."

"मी म्हटलं का कोनी मेलं म्हनून? तूच तं बोलू देल्लं नाई."

आमच्या ह्यांच्याकडे सगळे असे पाहत होते, की जणू जिवंत राहून त्यांनी शब्द फिरवला. धीरजनं सांगितलं, की या प्रमाणपत्राला मुदत असते. ती संपली की परीक्षा पुन्हा. बांबू उचलायला निघालेले प्रभाकरराव थांबले.

"मंग हे इथंच राहू द्या."

लोक गेले. पोरगा कशात पास झाला, हे एकानंही विचारलं नाही. मी अडाणी, मला सांगून कळलं नसतं. तुम्ही तर शिकलेले. तुम्ही तरी कुठं विचारलं? तुम्हीही इथवर कोण मेलं हेच पाहायला आलात.