बाकावरची नावं

"पाटीलवहिनी डाव्या बगलेतून स्कूटर घेऊन निघाल्या, समोरून दूधवाला, वहिनींनी त्याले चकवलं, आता फाटक रिकामं..." मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत कोण आलं-गेलं हे बघायला खिडकीशी जावं लागत नसे. दुसऱ्या मजल्यावरून ढोबळेकाका सांगत.

नोकरी कचेरीतली, पण जीव कामठीच्या हॉकी मैदानावर. तिथे सामना आहे आणि भोंग्यावर काका नाहीत, असं आम्ही पाहिलं नव्हतं. डोळे मिटून ऐकलं तरी चेंडू कुठे आहे ते कळायचं. चेंडू गोलाजवळ आला की काका खुर्चीवर उभे. मोठ्या शहरांतले निवेदक मी ऐकलेत. आमच्या काकांची सर कोणाला नाही.

त्यांचा एकच हट्ट होता. मैदानातले अकरा सगळेच वाचतात. काका नंतर राखीव खेळाडू वाचायचे, बापाच्या नावासकट, गावासकट. नाव आलं की खेळाडूनं बाकावरून उठून हात वर करायचा. तो खाली बसेपर्यंत पुढचं नाव नाही. पंच घड्याळ दाखवू लागले की भोंग्यातून यायचं, "साहेब, घाई काहून करून राहिले? पोरं बाकावरच हायेत."

एका अंतिम सामन्यात पंचांनी न थांबता शिट्टी वाजवली आणि पहिल्याच मिनिटाला गोल झाला. काका म्हणाले, "गोल झाला म्हणतात, बरं. तर बाकावर तिसरा..."

मी दोन मोसम त्याच बाकावर काढले. खेळायला मिळालं दोनदा. पण माझं नाव कामठीभर गेलं. पहिल्या दिवशी मी लाजून उठलेच नाही, तर भोंगा म्हणाला, "काहून वं, बसून राहिली? तुझंच नाव हाय."

गेल्या थंडीत काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, तो येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी यंदाच्या अंतिम सामन्याला ते निघालेच. गाडी मी चालवत होते. मागून काकू म्हणाल्या, "आता यांले मले अडवता येत नाही, तर सांगूनच टाकते. हे चार वर्षं संघात होते. गोलकीपर, पण राखीव. यांचे बाबा कळमेश्वरहून सायकलीनं यायचे. दोरीपाशी उभे राहायचे अन् घरी गेल्यावर विचारायचे, तू खरंच होता का गा तिथं? भोंग्यात तुझं नाव तं आलं नाही."

काकांनी हातानं "पुरे" केलं आणि सबंध रस्ता खिडकीबाहेर पाहत राहिले.

मैदानावर पोचल्यावर ते सवयीनं दोन्ही बाकांपाशी जाऊन नावं लिहून आले. नव्या निवेदकानं अकरा-अकरा नावं वाचली आणि गाणं लावलं. काकांनी कागद पुढे केला. "बसा काका, वेळ झाली," म्हणत त्यानं तो पाण्याच्या बाटलीखाली ठेवला. काकांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. ते परत तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

मला असल्या वेळी रडू येत नाही, राग येतो. मी निवेदकाला गाणं बंद करायला लावलं, कागद घेतला आणि माइक हातात घेतला. एकेक नाव, बापासकट, गावासकट. पोरं उठली, हात वर झाले, लोकांना सवय होती, टाळ्या पडल्या. पंचांनी घड्याळ दाखवलं. मी थांबले नाही.

कागद संपला.

"आणि बाकावर, गोलकीपर," मी म्हणाले, "वसंत रामचंद्र ढोबळे. कळमेश्वर."

पंचांनी तोंडाशी नेलेली शिट्टी खाली घेतली. तिसऱ्या रांगेत, गळ्याला मफलर गुंडाळलेला एक माणूस सावकाश उठला आणि त्यानं हात वर केला.

तो खाली बसेपर्यंत मी माइक सोडला नाही.