मास्तरांनी तपासलेलं कोटेशन

त्या दिवशी सकाळपासून हवा कोंडून बसली होती. आभाळ धुण्याच्या उरलेल्या पाण्यासारखं मळकट, आणि झाडांची पानं टाचणीने टोचून ठेवल्यासारखी जागच्या जागी. अशा दिवशी माणसाने पंख्याखाली पडून राहावं. पण मास्तरांच्या घरात पंखा बंद, मिक्सर बंद, फ्रिज बंद. चालू होतं ते फक्त बायकोचं बोलणं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. दुकान मिटवून बरीच वर्षं झाली. खिडकीपाशी मशीन आणि गल्लीतल्या लोकांच्या तोंडी 'मास्तर' हे नाव, एवढंच मागे उरलं होतं. झालं होतं असं, की स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वायरीला पूर्वी कुणीतरी मधेच जोड दिला होता. आदल्या दिवशी मिक्सर लावला आणि तो जोड चरचरत जळाला, आणि घरभराची वीज गेली. मुलाने फोनवर सांगितलं, बाबा, तुम्ही यात पडू नका, मी रविवारी सगळ्यांना घेऊन येतोच आहे, तेव्हा बघतो.

हे मास्तरांना लागलं. आज मुलगा बोर्ड बघणार, उद्या बँकेचं पुस्तक बघणार, परवा कपाटाच्या किल्ल्या. मग आपण काय, खिडकीत बसून येणारे-जाणारे मोजायचे? रविवारच्या आत हे काम आपल्या हाताने करून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. (ठरवताना बायकोला विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.)

वायरमन आला. कानाला पेन्सिल, चेहऱ्यावर घाई. मीटरकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, स्वयंपाकघरात डोकावला आणि उभ्या उभ्या कोटेशन लिहून दिलं: इतके फूट वायर, इतके स्विच, इतकी मजुरी. मास्तर बघतच राहिले. माणसाने खिशातून टेपसुद्धा काढली नव्हती. उभ्या जन्मात मास्तरांनी नुसतं बघून साधी बाहीसुद्धा कापली नव्हती, आणि हा भिंती बघून वायर सांगतो?

"कोटेशन तपासतो, मग कळवतो," मास्तर म्हणाले.

"तपासा की काका," वायरमन म्हणाला, "पण शनिवारी संध्याकाळी दुकान बंद होतं, तेवढं लक्षात ठेवा."

मास्तरांनी मशीनच्या खणातून टेप काढली. गुरूंनी दिलेली टेप. कडा मऊ पडलेल्या, आकडे पुसट, पण मास्तरांचा तिच्यावर जीव. गुरूंची शिस्तच तशी होती: अंगाचं माप टेपने घ्यायचं, कापड लाकडी पट्टीने मोजून कापायचं. ती शिस्त मास्तरांनी कधी मोडली नाही.

टेपचं दुसरं टोक धरायला शेजारचे कंडक्टर आले. बसवरून निवृत्त झालेले, पण कुणालाही पुढे सरकायला सांगायची सवय काही गेली नव्हती. ते दारातूनच म्हणाले, मास्तर, या टेपने माझ्या लग्नाच्या पँटचं माप घेतलं होतंत ना, घोट्याच्या वर राहिली होती ती? मास्तरांनी नेहमीचं उत्तर दिलं, की कापड आटलं, त्या काळचं कापडच तसं. गल्लीत बऱ्याच जणांच्या पँटी आटल्या होत्या. मास्तर तरी काय करणार?

मोजणी सुरू झाली. मीटरपासून वर, छताच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, कोपऱ्यात वळून, पुन्हा खाली ओट्यापर्यंत. मास्तर खुर्चीवर, कंडक्टर पलंगावर. टेप एकदा बायकोच्या डोक्यावरून गेली, एकदा चहाच्या कपातून. बायको धान्य निवडत होती. ती म्हणाली, माझंही माप घ्या एकदा, किती सोसते ते कळेल. मास्तरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. खात्रीसाठी पुन्हा मोजलं. शुक्रवार त्यातच गेला, आणि फ्रिजमधलं दूधही.

पण निकाल असा लागला की मास्तरांचा चेहरा खुलला. कोटेशनमधली वायर कितीतरी जास्त होती. चोर मुद्देमालासकट सापडला होता.

शनिवारी त्यांनी वायरमनला बोलावून माप सांगितलं. तो म्हणाला, काका, वायर थोडी जास्त लागते, बोर्डात शिल्लक ठेवावी लागते. मास्तर शांतपणे म्हणाले, शिवणीत माया आम्हीही सोडतो, आम्हाला शिकवू नका. ही घ्या वीतभर. त्याच्या वर एक बोट नाही. वायरमनने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा टेपकडे, आणि हात जोडले. मग दुकानातून मास्तरांच्या मापाची वायर कापून आणली आणि मुकाट्याने कामाला लागला.

वायर वर गेली, छताच्या कडेने गेली, दारावरून गेली, कोपऱ्यात वळली, ओट्याच्या दिशेने खाली उतरू लागली आणि संपली. हवेतच संपली. मास्तरांनी ती जरा ओढून पाहिली. वायर कापडासारखी ओढ घेत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

वायरमन शिडीवरून म्हणाला, दुकान बंद झालं. जोड मी देणार नाही, जोडानेच तुमचं घर जळत होतं.

"मग बोर्ड कुठे बसवणार?" बायकोने विचारलं.

"जिथे काकांचं माप संपलं, तिथे."

बोर्ड बसला, घरात उजेड आला, पंखा फिरला. फक्त ओट्यापाशी उभ्या माणसाचा हात बोर्डाला पोहोचत नव्हता. मिक्सरची वायर तर अर्ध्यातच लोंबकळली. बायकोने कोपऱ्यातली कापड मोजायची लाकडी पट्टी उचलून मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाली, लावा दिवा. मास्तर मान वर करून पट्टीने स्विच टोचत बसले. पहिल्या टोच्याला पंखा बंद झाला, दुसऱ्याला फ्रिज.

रविवारी सकाळी मुलगा, सून आणि छोटी नात आली. नातीला तो खेळ फार आवडला; ती सारखी दिवा लावायला सांगायची आणि विझवायला सांगायची. सून पदर तोंडाशी धरून बाहेर गेली. मुलाने बोर्डाकडे बराच वेळ पाहिलं.

"बाबा, मोजलं कशाने?"

मास्तरांनी अभिमानाने टेप पुढे केली. कंडक्टरही चहाला आले होते, त्यांनी साक्ष दिली, की दोनदा मोजलं, मीच टोक धरलं होतं.

बायकोने मास्तरांच्या हातातली पट्टी काढून ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर टेप अंथरली. पट्टी तीन फुटांची. पट्टी संपली, पण टेपवरचा तीन फुटांचा आकडा पुढे चार बोटं लोंबत होता. इतकी वर्षं ओढून ओढून टेप ताणून लांब झाली होती. ती प्रत्येक माप कमीच सांगत होती.

मुलाने त्याच वायरमनला फोन लावला आणि त्याच पहिल्या कोटेशनने काम करायला सांगितलं. सुनेने हळूच विचारलं, बाबा, बँकेचं पुस्तक कुठे असतं? मास्तर टेपची गुंडाळी करू लागले. ती नीट होईना.

कंडक्टरांनी कप खाली ठेवला. एकदा वर बोर्डाकडे पाहिलं, मग खाली आपल्या घोट्यांकडे. आणि म्हणाले, "म्हणजे मास्तर, कापड आटलं नव्हतं."