तात्यांची मोकळी जागा

सकाळी चहाच्याही आधी तात्या कॉम्प्युटर सुरू करायचे, त्यात किती जागा मोकळी आहे ते बघायचे आणि बंद करायचे. पडद्यावर एक गोल चकती उमटायची. भरलेली जागा निळी, मोकळी गुलाबी. रस्त्यात भेटले की मी नमस्काराऐवजी विचारायचो, "तात्या, गुलाबी किती?"

"निम्म्याला जरा कमी. पण काळजी न्हाय."

तात्या मूळचे शेळगावचे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून हयात काढली आणि निवृत्तीनंतर इंदापुरात आमच्या शेजारी घर बांधलं. मुलगा मिलिंद पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. हा कॉम्प्युटर त्यानंच आणून दिलेला, आमच्या गल्लीतला पहिला. मी शाळामास्तर. प्रश्नपत्रिका टाइप करायला तात्यांकडे जाऊ लागलो, तेव्हा कळलं की हा माणूस निवृत्त झालाय, पण कालव्यावरून घरी आलेला नाही.

हार्ड डिस्क त्यांच्या लेखी धरण होतं. वापरणाऱ्यांना पाळ्या लावलेल्या, माझी रविवारी. काम झालं की प्रश्नपत्रिका फ्लॉपीवर घ्यायची आणि डिस्कवरून पुसायची. एकदा मी नववीचा भूगोल तसाच ठेवून आलो, तर तात्या आमच्या दारात.

"सर, पाळी संपली तुमची, दारं बंद करा की. टेलच्या माणसानं काय करायचं?"

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. तिथवर पाणी पोचतं की नाही, यावर निरीक्षकाची लायकी ठरते असं त्यांचं ठाम मत. सख्ख्या भावानं कालव्यावर चोरून बसवलेली मोटार त्यांनी जप्त केली होती. असा माणूस माझ्या भूगोलाला कशाला सोडतोय?

त्याच बाण्यानं एके दिवशी ते डिस्कवर गस्तीला निघाले. विंडोजच्या पोटात नाव-गाव न कळणाऱ्या फायली दिसल्या. "ह्या अनधिकृत मोटारी दिसत्यात," म्हणत त्यांनी ओळीनं सगळ्या उडवल्या. गुलाबी झकास वाढलं आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होईना. बारामतीहून मेकॅनिक आला, त्यानं विंडोज नव्यानं भरलं. त्याला चहा देताना तात्या म्हणाले, "चूक झाली. पण परवाना कुठं हुता त्यांच्याकडं?"

चैन एकच. तात्यांचा आवाज खडा, त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मागून सूर धरायच्या. दोघांनी माइकवर चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी भरून ठेवली होती. त्यांनी भरमसाठ जागा खाल्ली होती, पण तेवढ्या गाण्यांना तात्यांचं अभय होतं.

मग मिलिंदचा फोन आला. मे महिन्यात आठवडाभर येतो, ऑफिसचं काम घरूनच करीन, मोठं काम आहे, मशीनवर जागा ठेवा. तात्यांनी त्याच दुपारी गाणी पुसली. काकू संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

"गळा हाय की आपल्यापाशी," तात्या त्यांना समजावत होते, "पोराला काम करायला जागा नगं व्हय?"

मे महिन्यात मिलिंदला जमलं नाही. पुढच्या वर्षी जयंतीला येतो म्हणाला, तेही हुकलं. जागा तशीच राखलेली. गल्लीतल्या पोरांनी एक गेम टाकू द्या म्हणून लाख विनवण्या केल्या, तात्या ढिम्म. मला त्यांचा रागही यायचा आणि कौतुकही वाटायचं. आपल्यासाठी कुणी इतकी जागा धरून बसलंय, हे त्या पोराला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

अखेर मिलिंद आला. दोन दिवस राहिला. ऑफिसनं त्याला लॅपटॉप दिला होता. तो मांडीवर घेऊन पोरगा खाटेवर काम करत बसला. टेबलावरच्या कॉम्प्युटरचं कापड त्यानं उचललंसुद्धा नाही. तात्या दर तासाला येऊन उगाच विचारायचे, "पुरतंय का रं त्यात?" तो मान न उचलता म्हणायचा, "पुरतंय, तात्या."

तो गेल्यावरच्या रविवारी मी माझ्या पाळीला गेलो. काकू आत भाकरी थापत काहीतरी गुणगुणत होत्या. पडद्यावर गुलाबी निम्म्याहून जास्त होतं.

"तात्या," मी म्हटलं, "आता तुमची गाणी परत भरू या."

तात्या चकतीकडं बघत राहिले.

"नगं, सर. त्येचं मशीन लय बारकं हाय. कधीतरी भरंल."