दगाअप्पांची रिकामी गाडी

दगाअप्पांच्या ओट्यावर तुम्हाला चहा मिळेल की नाही, हे तुमचं मत कुठल्या मतदारसंघात आहे त्यावर ठरायचं.

बाराही महिने नव्हे हं. एरवी अप्पांचा चहा म्हणजे रिकामी झाली की आपोआप भरणारी बशी. पण अप्पा निवडणुकीला उभे राहिले आणि अर्ज भरून घरी आले, की पहिलं काम म्हणजे ओट्यावरचा पाण्याचा माठ उचलून आत नेणं. मग जो येईल त्याला दारातच सवाल : “मत कोठे शे तुमनं?”

अक्कलकुव्याचा कोणी असला, की “या, या, बठा!” त्याला चहा, शेव, वर पान. धानोऱ्याहून मेहुणे आले, त्यांनाही चहा. आणि भिंतीला भिंत लावून राहणारा मी, अप्पांचा जन्माचा शेजारी, त्या परक्या मतदारसंघांच्या मिशांना लागलेली शेव पाहत बसलेला.

“अप्पा, निदान पाणी तरी!”

“गावनी हीर शे ना! तठे कोनीबी पेवो.” अप्पा विहिरीकडे हात करत. आणि मग ते वाक्य, एक बोट वर करून, जणू बोटाच्या टोकावर न्यायाधीश बसलाय : “मतदारले पाजनं कायदामा बसस का?”

कायदामा बसस का? तापीकाठच्या आमच्या गावात पोरं भांडताना, बायका धुणं धुताना, सासू सुनेला वाढताना हेच वाक्य म्हणायची. अप्पांना त्याचा राग नव्हता. त्यांना वाटे, प्रसार होतोय.

अप्पा उंच, वाळलेले, खांद्यातून जरा पुढे झुकलेले. कपाशी, केळी, बैलांची देखणी जोडी आणि तेवढीच देखणी गाडी. घरात मात्र एकटे. बायको वारलेली, मूलबाळ नाही, भाकरी स्वतः थापत. देशाची पहिली निवडणूक झाली आणि त्यानंतर या माणसाला अचानक कायद्याचं वेड लागलं. कुठूनसं निवडणुकीच्या नियमांचं पुस्तक आणलं, ते पाठ केलं, आणि दुसऱ्या निवडणुकीला अपक्ष म्हणून उभे राहिले. तिसऱ्यालाही राहिले. दोन्ही वेळा अनामत जप्त. निकालाच्या दुसऱ्या दिवशी माठ पुन्हा ओट्यावर येई आणि अप्पा गावभर फिरून आमंत्रण देत, “आते या! आते तुम्ही मतदार नही, पाव्हना शेतस.” ओटा माणसांनी भरून जाई. अप्पांचा चेहरा असा, की परगावच्या माणसाने निवडून आले समजून हारच घालावा.

आपल्याला निवडून यायचंय, असं अप्पांनी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या निवडणुकीच्या आधी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत त्यांनी भाषण केलं. एका उलट्या टोपलीवर उभे राहिले आणि गर्जले, “भाऊसवन, मी तुमले काहीच देणार नही!” लोक थांबले. असा पुढारी कोणी पाहिला नव्हता. “रस्ता देसू म्हनाव, ते ती लाच. हीर देसू म्हनाव, ते तीबी लाच. म्हनीसन मी काहीच देणार नही!” टाळ्या अशा पडल्या, की बाजूची दोन शिंगरं उधळली. एक घोडेवाला इतका खूश झाला, की प्रचाराला पांढरा घोडा फुकट देऊ लागला. अप्पांनी हात जोडले. फुकटातला घोडा खर्चात कसा दाखवायचा? शेवटी घोडेवालाच चिडला. “अप्पा, बिनकिरायानं घोडं घेत नाही असा माणूस मी पहिल्यांदा पाहतोय.” अप्पा म्हणाले, “मीबी देणारा पहिल्यांदाच देखी ऱ्हायनू. त्यानीच भीती वाटस.”

मी त्यांना पेपर वाचून दाखवत असे. एकदा अमेरिकेची बातमी होती. तिथले उमेदवार प्रचारावर पाण्यासारखा पैसा ओततात आणि मतदारांना मोटारीत बसवून मत द्यायला नेतात. अप्पांनी चष्मा काढला. मग हलक्या आवाजात विचारलं, “तठे कलेक्टर नही का?”

आता त्या दुसऱ्या निवडणुकीच्या मतदानाचा दिवस सांगतो.

अप्पांनी मला आपला एजंट नेमलं होतं, म्हणून त्यांच्या गाडीत बसण्याचा मान मला होता. उमेदवार स्वतः, त्याचा एजंट आणि त्याच्या घरची माणसं, एवढ्यांनीच त्याच्या गाडीत बसावं. मतदाराला गाडीत घालून नेणं गुन्हा. सकाळी आम्ही पलीकडच्या गावच्या शाळेवर, म्हणजे आमच्या मतदान केंद्रावर पोचलो, तर कौलं नीट करायला लावलेली शिडी भिंतीला तशीच. अप्पांचं निवडणूक चिन्ह शिडी! त्या काळी दर उमेदवाराची पेटी वेगळी असे, चिन्ह पाहून मतपत्रिका तिच्यात टाकायची. मी म्हटलं, वा, देव पावला. अप्पा ओरडले, “गुरुजी, ती शिडी काढा! केंद्राजोडे प्रचार व्हई ऱ्हायना!”

“अहो अप्पा, तुमचाच फायदा आहे.”

“म्हनीसनच काढा!”

गुरुजींनी शिडी काढली. वर कौलांवर चढलेला गवंडी दुपारपर्यंत तिथेच होता.

समोरच्या उमेदवाराच्या गाड्या मात्र घुंगरं वाजवत, मतदारांनी खच्चून भरून येत होत्या. अप्पा रस्त्यात आडवे उभे. “अरे, हाई कायदामा बसस का?”

“कायदामा नही बसत, अप्पा,” गाडीवान म्हणाला, “पन गाडीमा बराबर बसस!” अख्खी गाडी हसली.

दुपार कलली तेव्हा आम्ही दुसऱ्या केंद्राकडून परत येत होतो. वाटेत बाभळीखाली एक म्हातारी बसलेली. आमच्याच गावची, पिंजाऱ्यांच्या घरातली. तिला सगळे करीमनी माय म्हणत. करीम पोरवयातच देवाघरी गेला होता, पण हिचं नाव तेच राहिलं. गुडघे दोन्ही गेलेले.

“अठे काय करी ऱ्हायनी, माय?” अप्पांनी गाडी थांबवली.

“काय करू, दगा? त्या घुंगरावाला गाडीमा बठाडं माले. अर्धी वाट उनी, ते म्हने, आमनीच पेटीमा टाकशी अशी कसम खा. मी म्हनी, मत मन्हं शे. तठेच उतरी पडनू.” तिने हात पुढे केला. “चाल बेटा, माले ली चाल. शाळा बंद व्हई जाई.”

अप्पांचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला. ते गाडीतून खाली उतरले. नकार द्यायचा तर तो वरून कसा द्यायचा? “माय, गाडीमा नही लई जाता येत. तू मतदार शे.”

“माले मतनं काय पडनं नही, दगा. माले मन्हं नाव आयकनं शे.”

तिने सांगितलं ते असं. पहिल्या निवडणुकीआधी यादी करायला माणूस आला. त्याने गावाला विचारलं, गावाने सांगितलं, ‘करीमची आई’. पुढे वरून हुकूम आला, अमक्याची आई, तमक्याची बायको अशी नावं चालणार नाहीत, काढून टाका. हिचं नाव गेलं. या वेळी ती स्वतः जाऊन आपलं नाव सांगून आली होती. तिथे साहेब नाव मोठ्याने वाचतो, असं तिला कळलं होतं. “मन्हा मालक गया, तधळपासून ते नाव कोनी लिधंच नही,” ती म्हणाली. “एक डाव आयकू दे.”

अप्पा असे चाकाला टेकले, की मला वाटलं ऊन लागलं. मी कुजबुजत वाट काढली, “अप्पा, घरची माणसं चालतात ना? विचारलं कोणी तर सांगा, मन्ही माय शे.”

“खोटं सांगू?” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. बाभळीखाली म्हातारीला हसू फुटलं. मग टोपी सारखी केली आणि म्हातारीपुढे पाठ करून उकिडवे बसले. “चढ.”

तर मंडळी, असा निघाला आमचा ताफा. पुढे उमेदवार, त्याच्या पाठीवर मतदार, आणि मागे माझ्या हातात कासरा असलेली, गादी घातलेली, सबंध रिकामी गाडी. शेतातून लोक ओरडत होते, “अप्पा, बैलस्ले तरी तुमना जागावर बसू द्या!” अप्पा हसले नाहीत. धापा टाकत, वाटेकडे बघत चालत होते.

केंद्राच्या हद्दीशी समोरच्या पार्टीचा एजंट धावत आला. “हरकत! उमेदवार मतदाराला वाहून आणतोय!”

केंद्राचे अधिकारी धुळ्याचे एक सडपातळ कारकून होते. त्यांनी पुस्तक काढलं, बोट फिरवलं, घाम पुसला. मग अत्यंत आदराने अप्पांना विचारलं, “आपण... वाहन आहात का?”

अप्पांनी प्रश्न मनापासून विचारात घेतला. “चाकं नहीत माले,” ते म्हणाले.

“भाडं घेतलंत?”

“नही.”

“मग वाहन म्हणता यायचं नाही,” साहेबांनी पुस्तक मिटलं.

म्हातारी भिंतीला धरून आत गेली. शाळा बंद व्हायची वेळ झालेली, गर्दी ओसरलेली. बाहेर आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, “जैतूनबी!”

“आं?”

“जैतूनबी. तुम्हीच ना?”

“फिरीसन सांग बेटा. माले कमी आयकू येस.”

बाभळीखालून माझी कुजबुज ऐकणारी बाई ती! साहेबांनी तिसऱ्यांदा, छाती भरून हाक दिली. मग ती म्हणाली, “हां. मीच शे.”

बाहेर आली तेव्हा ती वेगळीच दिसत होती. अप्पांचं तोंड पाहून तिला वाईट वाटलं असावं. “दगा, खरं सांगू? मी शिडीनी पेटीमा नही...”

अप्पांनी दोन्ही कानांवर हात दाबले. “सांगू नको! गुप्त शे!”

मी म्हटलं, आता तरी गाडीत बसवा, मत देऊन झालं. पण कायद्यात नेणं होतं तसं आणणंही होतं. अप्पा पुन्हा उकिडवे बसले. “चढ, जैतूनबी.”

गाव दिसू लागलं तेव्हा ती म्हणाली, “तुन्ही घरवाली चांगली बाई व्हती, दगा. पयली निवडनूकले नवं लुगडं नेसीसन उनी व्हती मत देवाले. आठवस माले.”

“तिले वापस लाई दिधं,” अप्पा म्हणाले. “नाव नव्हतं.”

“तिनंबी नव्हतं?”

अप्पांनी तिला पाठीवर नीट सावरून घेतलं. “यादीवाला मन्हा ओटावर उना. चार माणसं बठेल व्हतीन. त्यानी इचारं, बायकोनं नाव काय? चार माणसंस्मा बायकोनं नाव कसं लेवानं? मी हासनू. म्हनं, लिखी ल्या, दगानी बायको. जोडे बठेल समदा हासनात.” त्यांचा श्वास लागला होता. “ती दारमा उभी व्हती. तीबी हासनी. पुढला उन्हायामा ती गयी. नाव सांगाले पाहिजे, हाऊ कायदा माले माहीत नव्हता.”

बैलही हळू चालू लागले होते की मीच कासरा ओढला होता, सांगता येत नाही.

“काय व्हतं तिनं नाव?” जैतूनबीने विचारलं.

मी भिंतीपलीकडे जन्म काढलेला माणूस. मलाही ते ठाऊक नव्हतं.

“लाडकोर,” अप्पा म्हणाले.

“चांगलं नाव शे.”

“हां. मी तिले कधी नाव लिसन हाकच मारी नही.”

ऊन केव्हाच उतरलं होतं, तरी जैतूनबीने ओढणीचं टोक पुढे ओढलं आणि गाव येईपर्यंत अप्पांच्या डोक्यावर धरून ठेवलं.