उड्डाणास योग्य

कोणतेही यंत्र वापराने झिजते, हे सर्वमान्य सत्य आहे. त्यावरून न वापरलेले यंत्र झिजत नाही, हे ओघानेच आले. आणि जे झिजतच नाही त्याची देखभाल सर्वांत उत्तम झाली, हे कोणीही शहाणा माणूस नाकारणार नाही. या तीन वाक्यांच्या भक्कम पायावर ‘कोथरूड महाविमान प्रतिकृती मंडळ’ गेली अकरा वर्षे उभे आहे. मंडळाकडे विमान एकच. तेही उभेच आहे.

विमानाचं नाव चंडोल. ते खेळणं नव्हे. (हा शब्द बैठकीत उच्चारणाऱ्याला चहा मिळत नाही.) पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वातीन मीटर, नाकात पेट्रोलचं इंजिन, पुढे हातभर लांबीचा पंखा, आणि जमिनीवर उभं राहून एका माणसानं ट्रान्समीटरच्या दोन दांड्यांनी उडवायचं, असा एकूण प्रकार. (ट्रान्समीटरला रिमोट म्हणू नये. रिमोट टीव्हीला असतो.)

विमान बांधलं हिंमतराव इंगोले यांनी. हिंमतराव मूळचे अकोल्याकडचे; नोकरीसाठी पुण्यात आले आणि एका कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त झाले. आपल्या हातानं विमान बांधायचं आणि आपल्याच हातानं उडवायचं, एवढी एक हौस त्यांनी नोकरीभर मनात दाबून ठेवली होती. निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात हलक्या बालसा लाकडाच्या पट्ट्या घरात आल्या. दोन वर्षांत विमान तयार झालं. शेवटचा हात फिरवायला त्यांनी डावा पंख जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि पत्नीला, म्हणजे प्रेमलाताईंना, सांगितलं, “पंधरा दिवसांचं काम आहे.”

त्याला अकरा वर्षं झाली. इंगोले नवराबायको ओट्याशी उभं राहून जेवतात. पाहुणे आले तर पंखाच्या टोकाकडे दोन ताटं मावतात, पण आमटी जपून वाढावी लागते. प्रेमलाताईंनी त्याच सुमारास एक येवल्याची साडी घेतली होती. “हे उडेल त्या दिवशी नेसेन,” असं त्यांनी जाहीर केलं होतं. दर दसऱ्याला साडी बाहेर निघते, तिला ऊन दाखवलं जातं, घडी बदलली जाते आणि ती पुन्हा कपाटात जाते. म्हणजे देखभाल दोन्हीकडे चोख आहे.

मंडळाचे अध्यक्ष बद्रीनाथ खांबेटे. एका मोठ्या कारखान्यात अडतीस वर्षं ते अंतिम तपासणीला होते. त्यांनी नापास केलेला माल आजही कुठेतरी सुस्थितीत पडून असेल. चंडोलची तपासणी वही त्यांच्याच सुवाच्य अक्षरात आहे. तीत एकशे चौदा मुद्दे आहेत आणि शेवटी एक रकाना : ‘उड्डाणास योग्य. जबाबदार व्यक्तीची स्वाक्षरी.’ त्याखाली नियम सातवा : ‘जो स्वाक्षरी करील तो पुढील सर्व परिणामांस वैयक्तिकरीत्या जबाबदार राहील.’

हा नियम केल्यापासून तो रकाना कोरा आहे. पावसाळे वगळून आजवर तीनशे एक्याऐंशी रविवार झाले. दर रविवारी चंडोल गोधड्यांत गुंडाळून टेम्पोत चढतं, कोथरूडहून निघून हडपसर ओलांडतं आणि लोणी काळभोरला शंभूआप्पांच्या मोकळ्या रानात उतरतं. तिथे त्याचे पंख जोडतात, तपासणी होते, काहीतरी निघतं, पंख काढतात, आणि विमान परत येतं. काय निघालं ते वहीत नमूद आहे. ‘वारा जास्त.’ ‘वारा कमी.’ ‘वारा योग्य, परंतु टिकेलसे वाटत नाही.’

या काळात चंडोलला एकूण एक्केचाळीस अपघात झाले. पैकी गतिरोधकांवर सतरा, सोसायटीच्या जिन्यात नऊ, ‘मजबूत आहे का बघू’ म्हणून अंगठा दाबल्यामुळे आठ, आधीची दुरुस्ती करताना चार, कबुतरांमुळे दोन, आणि खंडेनवमीला यंत्रपूजेचा नारळ फोडताना एक. हवेत : शून्य. या शेवटच्या आकड्याचा मंडळाला सार्थ अभिमान आहे. ‘अकरा वर्षे! हवेत एकही अपघात नाही!’ असा फ्लेक्स सोसायटीच्या फाटकावर लागलेला आहे, आणि त्यावर सर्व सभासदांचे गॉगल घातलेले फोटो आहेत.

एक्केचाळीस अपघातांच्या एक्केचाळीस दुरुस्त्या झाल्या, हे सांगायला नकोच. शेपटीला तडा गेला की इपॉक्सी आणि काचतंतूचं कापड लावायचं. त्यानं शेपटीत शंभर ग्रॅम वाढतात. तोल राखायला नाकात अडीचशे ग्रॅम शिसं भरावं लागतं. नाक जड झालं की पुढच्या चाकांचा दांडा वाकतो. म्हणून दांडा जाड बसवायचा. आता नाक जास्तच जड झालं, म्हणून शेपटीत थोडं शिसं. त्यानं शेपटीला तडा जातो. अशा रीतीनं सोळा किलोचं विमान एकवीस किलोंवर गेलं, पण तोल मात्र बिनचूक राहिला. तोल बघावा तर चंडोलचाच, असं खांबेटे अभिमानानं म्हणतात.

हिंमतरावांना हे सगळं पटत होतं आणि दर रविवारी परतताना त्यांचं तोंड पडलेलं असे. टेम्पोत पुढे बसून ते मनातल्या मनात खांबेट्यांचा उद्धार करत. उडवण्याचा सराव ते रोज संगणकावर करत. तिथे त्यांची चार हजारांवर उड्डाणं झाली होती. आपण एकटे असतो तर चंडोल केव्हाच आकाशात गेलं असतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण चारचौघांत राहायचं तर नियम पाळावेत, असं ते स्वतःला बजावत.

मग यंदा माघ महिन्यात शंभूआप्पांनी बातमी दिली. “पुढल्या सोमवारी जेसीबी येनार हाय. प्लॉटिंग करतोय. तुमचं काय आसंल ते ह्या आयतवारी उरकून घ्या.”

हिंमतरावांनी त्याच महिन्यात एकाहत्तर पूर्ण केली होती. दुसरी मोकळी जागा शोधण्यासाठी मंडळानं समिती नेमली असती, समितीनं निकष ठरवले असते, आणि तोवर हिंमतरावांच्या हातात ट्रान्समीटरऐवजी काठी आली असती. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं. घरी येऊन त्यांनी प्रेमलाताईंना एवढंच सांगितलं, “साडी काढ.”

शेवटच्या रविवारी सकाळी सात वाजता तपासणी सुरू झाली. प्रेमलाताई येवल्याची साडी नेसून खुर्चीवर बसल्या होत्या. नवी घडी मोडल्याचा कडक आवाज अजून येत होता. साडेनऊपर्यंत एकशे बारा मुद्दे पार पडले. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं, त्यामुळे सभासदांत अस्वस्थता पसरली.

“मुद्दा एकशे तेरा,” खांबेटे चष्मा सारखा करत म्हणाले. “शेपटीच्या चाकाचं रबर. मऊ लागतंय.”

“रबर आहे ते, बद्रीनाथराव,” हिंमतराव म्हणाले.

“म्हणूनच शंका येते.”

अभय हा मंडळाचा तरुण सभासद. आयटीत आहे, वय बेचाळीस. तो मोबाइल बघत म्हणाला, “काका, ट्रान्समीटरचं फर्मवेअर अपडेट पेंडिंग दाखवतंय. सेफ साइडला नेक्स्ट संडे करू या का?”

“नेक्स्ट संडेला इथे खड्डे असतील.”

“मग त्याच्या नेक्स्ट?”

वही सगळ्यांच्या हातांतून फिरली. एकाचा चष्मा घरी राहिला होता. एकाचं पेन चालत नव्हतं. एकानं ‘माझं तत्त्वतः समर्थन आहे’ असं सांगून वही पुढे दिली. फिरत फिरत ती खुर्चीपाशी आली, तेव्हा प्रेमलाताईंनी ती घेतली, पर्समधून पेन काढलं आणि शेवटच्या रकान्यात सही केली. टपाल खात्यात बत्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांचा हात सह्यांना बसलेला होता.

खांबेटे पांढरेफटक पडले. “अहो वहिनी, आपण सभासद नाही!”

“इथे ‘जबाबदार व्यक्ती’ लिहिलंय, सभासद नाही,” प्रेमलाताई म्हणाल्या. “अडीच तास बघतेय. तुमच्यात कोणी जबाबदार असेल तर पुढे या, मी माझी सही खोडते.”

कोणी पुढे आलं नाही. उलट काही जण मागे सरकले.

हिंमतरावांनी इंजिन सुरू केलं. चंडोल धावपट्टीच्या तोंडाशी उभं राहून थरथरू लागलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच हिंमतराव आणि आकाश यांच्यामध्ये खांबेटे नव्हते, नियम सातवा नव्हता, कोणीच नव्हतं. ट्रान्समीटरच्या दांडीवर त्यांचा अंगठा होता. तो हलेना.

“आवाज जरा वेगळा येतोय,” हिंमतराव म्हणाले.

हे शब्द कानावर पडले तेव्हा ते स्वतःच दचकले. बोलण्याची ढब थेट खांबेट्यांची होती. मग त्यांना जे कळलं ते कबूल करायला मोठी छाती लागते. ते घाबरले होते. टेबलावर होतं तोवर चंडोल हे पुण्यातलं सर्वोत्तम विमान होतं आणि हिंमतराव सर्वोत्तम वैमानिक. ते एकदा उडालं की दोन्ही गोष्टींची तपासणी होणार होती. अकरा वर्षं त्यांनी शिव्या खांबेट्यांना दिल्या होत्या आणि आतून आभारही त्यांचेच मानले होते.

“काऊन थांबले?” प्रेमलाताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. अगदी घरातलं बोलणं असलं की त्यांच्या तोंडी अजून अकोलाच येतो.

“तो उजव्या पंखाचा बोल्ट एकदा…”

“काय पाहून राहिले जी त्या बोल्टाकडे? बरा हाये बोल्ट. मी रोज पुसते त्याले.” त्यांनी ट्रान्समीटरकडे पाहिलं. दांड्यांभोवती कारखान्यातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच होतं. “हेच ना ते पुढं ढकलायचं?”

आणि त्यांनी ढकललं.

चंडोल सुटलं. एकवीस किलोंचं ते धूड शंभूआप्पांच्या रानातून उड्या मारत, शिसं खुळखुळवत, बांधाकडे निघालं. “अरे बाप्पा!” हिंमतराव ओरडले आणि त्यांच्या हातांनी, त्यांना न विचारता, दांडी मागे ओढली. बांध चार हातांवर असताना चाकांनी जमीन सोडली.

चंडोल उसावरून गेलं. वळलं. डोक्यावरून परत आलं तेव्हा त्याची सावली येवल्याच्या साडीवरून सरकली. हिंमतराव रडत होते आणि हसत होते, आणि डोळे पुसायला हात मोकळा नसल्यामुळे प्रेमलाताई पदरानं त्यांचे डोळे पुसत होत्या. (साडीला पडलेला हा पहिला डाग.) खांबेटे वहीत बघत होते. मुद्दा एकशे चौदानंतर काय करायचं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

“आयला, उडतंय की!” शंभूआप्पा म्हणाले. “आमी समजत हुतो, तुमी दर आयतवारी हितं पूजेला येताय.”

चार मिनिटांनी चंडोल उतरलं. उतरताना डावं चाक निखळलं आणि पंखाचं टोक मातीत घासलं. अकरा वर्षांचं शून्य पुसलं गेलं.

मंडळाची तातडीची सभा त्याच आठवड्यात झाली आणि हिंमतरावांना नोटीस गेली : ‘आपण सदर विमान जाणूनबुजून उडवल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.’ खुलासा प्रेमलाताईंच्या अक्षरात गेला. त्यात ‘होय’ एवढंच होतं. सभासदत्व रद्द झालं. चाक बसवायला आणि पंख नीट करायला हिंमतरावांना बरोबर पंधरा दिवस लागले, म्हणजे त्यांचा मूळ अंदाज चुकीचा नव्हता. आता नवराबायको टेबलाशी बसून जेवतात. शंभूआप्पांच्या मेव्हण्याचं यवतच्या पलीकडे माळरान आहे. तिथे आजवर चंडोल तेवीस वेळा उडालं, सहा वेळा मोडलं, आणि साडीवरचे डाग मोजणं प्रेमलाताईंनी सोडून दिलं आहे.

मंडळाचीही भरभराट आहे. रान गेलं, विमान गेलं, त्यामुळे देखभालीत येणारे सर्व अडथळे दूर झाले. दर रविवारी वहीची तपासणी होते. फ्लेक्स नवा लागला आहे. सभासद नऊचे चाळीस झाले, आणि मागणी फारच वाढल्यामुळे मंडळानं छापील अर्ज काढला आहे. तो येथे जसाच्या तसा देत आहोत.

‘अर्जदाराने खरी उत्तरे द्यावीत. आपल्या टीव्हीच्या रिमोटवर मूळ प्लास्टिक शाबूत आहे काय? पाहुण्यांसाठी ठेवलेला आणि पाहुणे आले तरी न काढलेला कपबशांचा संच घरात आहे काय? “जरा मोकळा झालो की” असे म्हणून आपण एखादी गोष्ट पाच वर्षांहून अधिक काळ सुस्थितीत ठेवली आहे काय? त्याबद्दल दोष देण्यासाठी घरात अथवा कार्यालयात एखादी व्यक्ती उपलब्ध आहे काय? यांपैकी कोणत्याही एका प्रश्नाचे उत्तर होय असल्यास हा अर्ज भरू नये. आपले नाव जुन्या सभासदांच्या यादीत आधीच आहे. खाली फक्त स्वाक्षरी करावी.

घाई नाही. पुढच्या रविवारी केली तरी चालेल.’