बॅग त्यांनीच भरली

पहिल्या बाकावरच्या अनिताने प्रश्न विचारला नसता तर पुढचे काहीच घडले नसते. पेणच्या कॉलेजात नमिताबाई त्या दिवशी सह्याद्रीची जन्मकथा सांगत होत्या. ज्वालामुखीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा, एकावर एक साचलेले त्याचे थर आणि रोह्याजवळच्या अवचितगडाच्या कड्यावर ते किती सुंदर दिसतात, हा त्यांचा वर्षानुवर्षे घोटलेला तास होता. त्या ‘सुंदर’पाशी पोहोचल्या आणि अनिताने हात वर केला.

“मॅडम, तुम्ही कितीदा चढलात अवचितगड?”

अचूक उत्तर ‘एकदाही नाही’ असे होते. (वर्ग हसला नाही, हसला असता तर बरे झाले असते.) अचूकतेशी तडजोड करणे नमिताबाईंच्या स्वभावात नव्हते, म्हणून त्या एवढेच म्हणाल्या, “या महिन्यात जाणार आहे. पेणहून डोंगरातून, पायी. एकटी.”

‘एकटी’ हा शब्द त्यांनी का जोडला, हे त्यांनाही पुढे कधी नीट सांगता आले नाही.

बेत मात्र निर्दोष होता. पेणमागच्या डोंगरावर चढायचे, रानातून दक्षिणेकडे सरकत तंबूत दोन मुक्काम करायचे आणि तिसऱ्या दिवशी अवचितगडाच्या कड्यासमोर उभे राहायचे. खाली रोह्यात त्यांचे माहेर होते. तिथे आंघोळीला गरम पाणी मिळेल, याहून अधिक महत्त्व त्यांनी त्या माहेराला दिले नव्हते. बेतातली चूक शोधायचीच झाली तर ती इथे होती.

त्यांचे यजमान प्रविणराव बँकेत कारकून होते. व्यायाम म्हणजे एस.टी.ची पायरी, अशी त्यांची समजूत. पण बॅग भरावी तर त्यांनीच. त्यांनी पाठीवरची सॅक इतकी चापून भरली की आतला स्टोव्हसुद्धा खुळखुळला नाही. वर डबा ठेवला आणि निघताना दाराशी येऊन म्हणाले, “जा. परत यायची घाई करू नकोस.” सासूबाई मालिका पाहत होत्या; त्यांनी मान वळवली नाही.

रानात एकांत असेल, ही अपेक्षा दुपारपर्यंतच टिकली. लाकूडफाटा नेणाऱ्या बाया भेटल्या, गुरे भेटली, गुरांमागची माणसे भेटली. खालच्या कुठल्याशा लग्नातला लाउडस्पीकर तर खिंडीपर्यंत सोबतीला होता. खांदे सोलले, टाचेला फोड आला आणि संध्याकाळी लक्षात आले की पाण्याची बाटली वाटेतच गळून रिकामी झाली आहे. पाण्यासाठी म्हणून त्या डोंगर उतरून गडब गावात, हायवेवरच्या धोंडुबाईंच्या भजीच्या हॉटेलात टेकल्या. उठायचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते.

धोंडुबाईंनी आधी पाणी दिले, मग चहा, मग विचारले, “कुठनं आलीस गो?”

“पेणहून. डोंगरातून.”

“एकटी? आनि जातंस कुठं?”

“रोह्याला.”

“रोह्याला कोन हाय?”

“माहेर आहे.”

धोंडुबाईंनी भज्यांखालची आच कमी केली. शेजारच्या बाकड्यावरचे दोघे चहाचे कप हातात तसेच धरून राहिले.

“नवऱ्यानं मारलान काय गो?”

“छे, छे!” नमिताबाई दचकल्या. “अहो, उलट त्यांनीच माझी बॅग भरून दिली.”

बाकड्यावरच्या दोघांनी कप खाली ठेवले. आपण परिस्थिती स्पष्ट केली, असे नमिताबाईंना वाटले.

“त्यानं भरून दिलान? सोताच्या हातानं?”

“हो. दाराशी येऊन ‘जा’ म्हणाले. परत यायची घाई करू नकोस, असंही म्हणाले.”

“आनि सासू?”

“त्या काही बोलल्या नाहीत. टीव्ही बघत होत्या.”

“अगो बाय माझे!” धोंडुबाईंनी कपाळाला हात लावला. बाकड्यावरचा एक जण पुटपुटला, “शिकलेली मानसा ही. तोंडानं गोड, नि आतनं बघा.”

“तुमचा गैरसमज होतोय,” नमिताबाई वर्गात खुलासा करावा तशा म्हणाल्या. “मी स्वखुशीने निघाले आहे. मला फक्त अवचितगडावर जायचं आहे.”

“गडावं कशाला?”

“कडा बघायला.”

खुलाशाने परिस्थिती सुधारते, हा नमिताबाईंचा आजवरचा अनुभव. तो त्या दिवसापुरता निवृत्त झाला. धोंडुबाईंनी “रोह्यात कुनाची लेक तू?” एवढेच विचारले, भज्यांची कढई खाली उतरवली आणि पदराला हात पुसत समोरच्या एस.टी.डी. बूथकडे निघाल्या.

तंबूत झोपण्याचा प्रश्नच आला नाही. नमिताबाईंना हॉटेलामागच्या घरात दोन सुनांच्या मधोमध झोपवण्यात आले आणि त्यांचे बूट धोंडुबाईंनी स्वतःच्या उशाशी घेतले. नमिताबाई इतक्या दमल्या होत्या की याचा निषेधसुद्धा त्यांनी झोपेतच केला.

दुसऱ्या दिवशी बूट मिळाले, पण एकांत मिळाला नाही. ‘बाईला एकटं सोडायचं नाय’ हा निरोप त्यांच्या पुढे धावत होता. एका वाडीची बाई दुसऱ्या वाडीपर्यंत सोबत चाले, तिथे दुसरी उभीच असे. एकीने सॅक हिसकावून डोक्यावर घेतली. दुसरी मैलभर गप्प चालली आणि शेवटी म्हणाली, “माझा पन असाच व्हता. आता सुधारलाय.” नमिताबाईंनी एका उघड्या कातळाकडे बोट करून लाव्हाच्या थरांबद्दल काही सांगायला सुरुवात केली. बाईने त्यांचा हात घट्ट धरून त्यांना कातळापासून लांब नेले.

नमिताबाईंनी बेत मनातल्या मनात कापत आणला. एकांत गेला तर जाऊ दे, तंबू गेला तर जाऊ दे; कडा तेवढा राहू दे. सोमवारी वर्गात एक वाक्य खरे बोलता यावे, बाकी काही नको.

दिवस कलता कलता निडी गाव आले. तिथे धोंडुबाईंची बहीण सरू वाट पाहत होती.

“तूच ना गो ती, बॅग भरून दिलेली?”

नमिताबाईंनी उत्तर दिले नाही. बोलण्याने काय होते, हे त्यांना एव्हाना कळले होते. (न बोलण्यानेही तेच होते, हे आता कळले.) सरूने त्यांना जेवू घातले आणि सकाळ होताच मिनिडोर रिक्षात बसवून स्वतः शेजारी बसली.

“मला गडाच्या पायथ्याशी उतरवा,” नमिताबाई म्हणाल्या. आवाजात विनवणी होती. ती त्यांनाही नवीन होती. “मी चढून दुपारपर्यंत येते. तुम्ही बरोबर चला हवं तर.”

“चल रे!” सरू ड्रायव्हरला म्हणाली. “थांबवू नको कुठं.”

अवचितगड एका बाजूला आला, झाडीतून काळा कडा दाखवून मागे गेला. नमिताबाई मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिल्या. सरूने त्यांचा पदर मुठीत धरून ठेवला होता.

रोह्याला माहेरच्या ओटीवर सतरंजी अंथरली होती. त्यांची आई इंदुबाई डोळे पुसून तयार होत्या. मध्यभागी शेजारचे एलियाहकाका बसले होते. त्यांची मुले, पुतणे सगळे इस्रायलला गेलेले. आळीतले ते शेवटचे ज्यू घर. आपण दोन्हीकडचे कोणीच लागत नाही, म्हणून आळीतला प्रत्येक तंटा आपल्याकडेच येतो, हे ते अभिमानाने सांगत.

“बस पोरी,” काका म्हणाले. “दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.”

“पण भांडण झालेलंच नाही, काका!”

“ते तो आला की बघू.”

“आला की म्हणजे? ते कुठे आहेत?”

इंदुबाईंनी हुंदका दिला. “काल त्यांना बोलावून घेतलं. पहाटेच चार माणसं घेऊन गडावर गेलेत, तुला शोधायला. गडबच्या बाई फोनवर म्हणाल्या, तू कड्यावर जाणार म्हणून. तुला निडीला धरलंय हा निरोप आला तोवर ते निघून गेले होते.”

नमिताबाईंनी डोळे मिटले.

प्रविणराव दुपारी परतले. चपलेचा अंगठा तुटलेला, शर्टाला काटे. बायकोला पाहताच ते मटकन ओटीवर बसले आणि तिच्याकडे पाहत राहिले. त्या नजरेने नमिताबाईंचा राग थोडा पातळ झाला, एवढ्यात काकांनी घसा खाकरला.

“जावईबापू, बॅग तुम्हीच भरलीत?”

“हो.”

“माफी मागा.”

“चुकलो,” प्रविणराव तत्काळ म्हणाले.

“अहो, कशाबद्दल चुकलात?” नमिताबाई कडाडल्या.

“ते मला माहीत नाही. पण माफीशिवाय पानं घेणार नाहीत, असं आत ऐकलं.”

जेवणे झाली. ओटी भरली गेली. परतीच्या एस.टी.त गडबला धोंडुबाईंनी खिडकीतून भज्यांचा पुडा दिला आणि प्रविणरावांना दम दिला, “परत भरून दिलास तर बघ!” बस सुटल्यावर नमिताबाईंनी अखेर विचारले.

“वर कसं आहे?”

“कुठे वर?”

“गडावर! कडा. लाव्हाचे थर.”

प्रविणरावांनी भजे चावत आठवून पाहिले. “काळा दगड आहे. बराच आहे. टाक्यातलं पाणी मात्र गार हं.”

सोमवारी तासाला पहिल्या बाकावरून हात वर झालाच. नमिताबाईंनी खडू खाली ठेवला. अचूक उत्तराला पर्याय नव्हता.

“आमचे हे जाऊन आले,” त्या म्हणाल्या. “पुढचं पान काढा.”